भिंतीवरची फळवाली

अप्पांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते दुकानात बसून एका पातेल्यावर नाव घालत होते. दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. दुपारची वेळ, गिऱ्हाईक एकच. नाव पाच अक्षरांचं होतं. चार झाली आणि पातेलं डाव्या हातातून सुटून गडगडत दाराकडे गेलं. अप्पांनी ते उचलायला हात पुढे करायचा प्रयत्न केला. हात गेला नाही. गिऱ्हाईक बाई समजूतदार होत्या. त्यांनी शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, रिक्षा थांबवली, आणि सावकार बरे झाले की उरलेलं अक्षर घालतील असं सांगून पातेलं तिथेच ठेवून गेल्या. हुबळीच्या बाजारात कुठल्याही दुकानाच्या मालकाला सावकार म्हणतात, मग तो भांडी विकत असला तरी.

आमचं दुकान जुन्या हुबळीत होतं. आजोबांनी मिरजेकडून येऊन ते टाकलं आणि अप्पांनी ते चालवलं. स्टील, पितळ, थोडं तांबं. माल सगळ्यांकडे सारखाच असायचा. गिऱ्हाईक अप्पांकडे यायचं ते नावासाठी. घेतलेल्या भांड्यावर नाव घालून देणं ही सगळ्या दुकानांची पद्धत, पण अप्पांचं अक्षर वेगळं होतं. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या त्यांच्या हातात सारख्याच बसल्या होत्या. आधी ते छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालत. नव्वदच्या दशकात विजेचं मशीन आलं. पेनासारखं धरायचं आणि वायरीच्या टोकाला भुंग्यासारखं गुणगुणणारं. त्यानंतर गल्लीतल्या लोकांना अप्पा दुकानात आहेत की जेवायला गेलेत हे आवाजावरून कळू लागलं.

बघणाऱ्याला वाटे की काम उजवा हात करतो. खरं तर उजव्या हातातलं मशीन जवळजवळ जागच्या जागी असतं. गोल भांडं मांडीवरच्या घडी केलेल्या फडक्यावर टेकवून डावा हात ते फिरवतो. अक्षराची गोलाई डावा हात देतो. अप्पांचा लकवा डाव्या अंगाचा होता.

जीभ जड झाली होती, ती महिन्याभरात सुटली. पायही सुधारला; काठी घेऊन केशवापूरच्या घरात ते फिरू लागले. डावा हात मात्र मांडीवर ठेवला तिथे राहायचा. आई तो उचलून शर्टाच्या बाहीत घालायची.

धाकट्या बहिणीचं लग्न झटक्याच्या आधीच ठरलं होतं, वैशाखातलं. सासर बेळगावचं. माझं लग्न नव्वदच्या दशकात झालं तेव्हा मला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर अप्पांनी स्वतः नाव घातलं होतं, चमच्यांच्या दांड्यांवरसुद्धा. धाकटीच्या भांड्यांवरही आपणच नाव घालणार, हे त्यांनी इस्पितळातून घरी आल्याच्या दिवशी जाहीर केलं. दुसऱ्या दुकानातून घालून आणू, असं आईने एकदा सुचवलं. अप्पा म्हणाले की मग भांडी कोरी जातील. आईने तो विषय नंतर काढला नाही, पण तिला काळजी लागली. भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी कोरी भांडी घेऊन बेळगावला जाणार, हे चित्र तिला पटण्यासारखं नव्हतं.

मी तेव्हा हुबळीतल्या एका कन्नड दैनिकात उपसंपादक होते. घर अप्पांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. नवनगरमध्ये एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी नव्या प्रकारचं यंत्र आणल्याची छोटी बातमी माझ्याच टेबलावरून गेली होती, म्हणून आम्हाला ती जागा माहीत होती. दोन हजारचं दशक अर्ध्याच्या पुढे सरकलं होतं. हुबळी-धारवाडमध्ये व्यायामासाठी कॉम्प्युटर वापरतात ही गोष्ट तेव्हा बातमी होऊ शकत होती.

बाई मूळच्या धारवाडच्या, तिशीतल्या. बंगळूरला शिकून, तिथे काही वर्षं काम करून परत आल्या होत्या. त्यांचा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये होता; हे सामान त्यानेच जोडून दिलं होतं. तळमजल्यावरची एक खोली, खिडक्यांना जाड काळे पडदे, छताला प्रोजेक्टर, समोर पांढरी भिंत, भिंतीच्या वर एक छोटा कॅमेरा आणि दोन बाजूंना स्पीकर. रोगी खुर्चीत बसला की तो स्वतः भिंतीवर दिसायचा, आरशात दिसतो तसा, पण आपल्या खोलीत नाही. कधी समुद्राच्या काठावर, आणि अंगावर रंगीत चेंडू येतायत. कधी धुळकटलेल्या काचेमागे, आणि हात फिरवला की काच पुसली जातेय. कधी बाजारात. हात हलवला की भिंतीवरच्या माणसाचा हात हलायचा आणि समोरच्या वस्तूला लागायचा. लागला की टिंग असा आवाज. बाईंचं म्हणणं सरळ होतं. नुसता हात वर करा म्हटलं की माणूस कंटाळतो. काहीतरी घ्यायचं असेल तर हात आपोआप जातो, आणि जितक्या वेळा जाईल तितका मेंदू नवा रस्ता शोधतो.

अप्पांसाठी त्यांनी बाजार निवडला. आयुष्य बाजारात गेलेला माणूस, त्याचं तिथे मन रमेल, असा त्यांचा विचार. बाजार परदेशातला होता. दगडी रस्ता, पट्ट्यापट्ट्यांचे कापडी मांडव, मागे चर्चचा मनोरा. डाव्या बाजूच्या मांडवात एक सोनेरी केसांची, एप्रन बांधलेली फळवाली उभी असायची. ती हसून एक सफरचंद पुढे करायची. रोग्याने डावा हात नेऊन ते घ्यायचं आणि मांडीशी दिसणाऱ्या टोपलीत टाकायचं. उजवा हात मध्ये येऊ नये म्हणून तो मऊ पट्ट्याने खुर्चीला बांधायचा. फळ थोडा वेळ थांबायचं. घेतलं नाही तर फळवाली ते परत ठेवून दुसरं काढायची, पुन्हा हसून.

आठवड्यातून तीनदा आई अप्पांना सिटी बसने नवनगरला नेऊ लागली. परत आले की अप्पा खुशीत असायचे. कसं झालं विचारलं की सांगायचे, उत्तम. एकदाही चुकलो नाही.

महिना झाल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांनी जे सांगितलं ते याच्या उलट होतं. टेबलावर टॉवेल सरकवणं, चेंडू दाबणं, हात धरून वर नेणं, हे सगळं अप्पा निमूट करतात आणि त्यात फरक दिसतो. पण भिंतीसमोर बसवलं की शून्य. एकही फळ घेतलेलं नाही. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला की काहींना डावीकडचं जग असून नसल्यासारखं होतं. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो. त्यांना तशी शंका येत होती. शिवाय मनही लागत नसावं. कारण प्रत्येक फळाच्या वेळी ते हळूच ‘ब्याड्री’ म्हणतात. ब्याड्री म्हणजे नको हो. व्यायामच नको, असा बाईंनी अर्थ लावला होता. महिन्या-दीड महिन्यात हालचाल दिसली नाही तर यंत्र थांबवून एका हाताने जगायचं शिकवायला घ्यावं, असं त्यांचं मत झालं होतं. एका हाताने बटणं लावता येतात, आंघोळ करता येते. मी विचारलं, नाव घालता येईल का? त्यांना तो धंदा माहीत नव्हता. मी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, नाही.

वर्तमानपत्रात एकाच घटनेच्या दोन बातम्या आल्या आणि त्या जुळल्या नाहीत, तर माणूस पाठवून बघायचं असतं. पुढच्या वेळी आईऐवजी मी अप्पांबरोबर गेले.

बाई रोग्याच्या मागे, कॉम्प्युटरपाशी बसत. तिथून त्यांना अप्पांची पाठ आणि भिंत दिसायची; भिंतीवर मांडीवरचा हात टोपलीमागे झाकला जायचा. मी बाजूला, अप्पांच्या डाव्या हाताशी स्टूल घेऊन बसले. दिवे गेले, बाजाराचा गलका सुरू झाला, भिंतीवर अप्पा पांढऱ्या शर्टात त्या दगडी रस्त्यावर प्रकट झाले. फळवालीने सफरचंद पुढे केलं. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. नीट, तिच्या तोंडाकडे. म्हणजे डावीकडचं जग शाबूत होतं. मग त्यांचा डावा हात मांडीवरून वर आला. फार नाही, वीतभर. आणि तिथून अप्पांनी तो पुन्हा मांडीवर आणला. पडला नाही, आणला. नंतर मान किंचित लववून ते फळवालीला म्हणाले, “ब्याड्री.”

ती हसली आणि दुसरं सफरचंद काढलं. हात पुन्हा वर आला, पुन्हा मागे घेतला गेला. ब्याड्री. मागून बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, घ्या सावकार, डाव्या हातानं घ्या. त्यावर अप्पांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

अर्ध्या तासाने दिवे लागले आणि बाईंनी पट्टा सोडला. मी अप्पांना विचारलं की हात वर येत होता, तर तो खाली का नेला. अप्पांना प्रश्नच समजला नाही.

“अगं, बाईमाणूस हसून फळ देतंय. ते डाव्या हातानं घेऊ?”

मी म्हटलं, डॉक्टरबाईच तर सांगतायत घ्या म्हणून.

“त्या सांगणारच. फसवायला सांगतात. डोकं जाग्यावर आहे की गेलंय ते बघायचंय ना त्यांना.”

मग उलगडा झाला. इस्पितळात पहिल्या आठवड्यात एक डॉक्टर रोज सकाळी येऊन अप्पांना प्रश्न विचारत. आज वार कुठला, महिने उलटे म्हणा, गायीला पाय किती. पायांचा प्रश्न अप्पांनी नंतर प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगितला होता. त्यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की झटका आलेल्या माणसाची अक्कल शिल्लक आहे का, याची हे लोक सतत परीक्षा घेतात, आणि दर वेळी नव्या तऱ्हेने घेतात. नवनगरची परीक्षा त्यांना सगळ्यांत अवघड वाटली होती. उजवा हात बांधून ठेवतात, समोर गोड बोलून वस्तू पुढे करतात, मागून चुकीचं उत्तर सुचवतात. चाळीस वर्षं गादीवर बसून ज्याने डाव्या हाताने कधी सुट्टे पैसे परत केले नाहीत, त्याला हे असलं काय शिकवणार. महिनाभर दर वेळी ते पैकीच्या पैकी गुण मिळवून घरी येत होते.

बाईंना मराठी कळायचं. त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि तोंडावर हात धरून बराच वेळ हसल्या. त्यांचंही घर इकडचंच. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून आजीने हातावर चापट मारल्याचं त्यांनी सांगितलं. यंत्राच्या बाबतीत ही रीत आडवी येईल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण यंत्र ते यंत्र. अप्पांच्या लेखी ते यंत्र नव्हतं. तो बाजार होता आणि त्यात एक बाई उभी होती. ज्याच्यासाठी एवढे काळे पडदे लावले होते ते अप्पांच्या बाबतीत जरा जास्तच साधलं होतं.

पुढच्या खेपेला बाईंनी पट्टा काढून टाकला. म्हणाल्या, सावकार, दोन्ही हातांनी घ्या, ओंजळीत घेतात तसं. याला अप्पांचा आक्षेप नव्हता. दोन्ही हातांनी घेणं हा तर जास्तच मान. उजवा हात डाव्याच्या खाली घालून, त्याला आधार देत, अप्पांनी पहिलं सफरचंद घेतलं. टिंग वाजलं. अप्पांनी फळवालीला नमस्कारही केला, त्यामुळे सफरचंद टोपलीऐवजी रस्त्यावर पडलं. यंत्राला फक्त कुठला तरी हात पोचल्याचं कळायचं, दोन्ही पोचले का ते कळायचं नाही. म्हणून बाईंनी गुण बघणं सोडलं आणि स्टूल पुढे आणून हात बघायला सुरुवात केली. सुरुवातीला उजवा हात डाव्याला ओझ्यासारखा वाहून न्यायचा. नंतर तो नुसताच खाली असायचा.

अडलं ते त्याच्या पुढे. आता उजवा हात काढा, असं बाई म्हणाल्या की अप्पा पुन्हा जुन्या मुद्द्यावर यायचे. परीक्षा नाही, व्यायाम आहे, हे त्यांना आता पटलं होतं. पण म्हणून काय झालं? व्यायामासाठी माणसाने वाईट सवय लावून घ्यायची, आणि उद्या दुकानात हात चुकून पुढे गेला तर? बाईंनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं. मी समजावलं. धाकटीने रडून बघितलं. उपयोग झाला नाही.

सोडवलं ते आईने, बसमध्ये, केशवापूर ते नवनगर या रस्त्यावर. ती नंतर ते संभाषण अनेकांना सांगत असे, म्हणून मला पाठ आहे. तिने आधी विचारलं की ती फळवाली कुठली. अप्पा म्हणाले, परदेशातली दिसते.

“तिच्या गावात काटा डाव्या हातात धरून जेवतात. तिथं डाव्याला कोण विचारतंय?”

अप्पा म्हणाले, पण मी तर हुबळीचा.

“गेलायत कुठं पण तुम्ही? तिच्या बाजारात. आपल्या दुकानात ती आली तर तिनं आपली रीत पाळायची. तिच्या गावात आपण तिची.”

अप्पांनी यावर दोन-तीन थांबे विचार केला. धंद्याच्या दृष्टीने युक्तिवादात खोट नव्हती. आजोबाही कन्नड मुलखात येऊन कन्नड शिकले ते याच न्यायाने. त्या दिवशी नवनगरला दिवे गेल्यावर फळवालीने सफरचंद पुढे केलं, आणि अप्पांचा डावा हात थरथरत, कोपरातून वाकडा, पण एकटा निघाला. बोटं पोचेपर्यंत फळवाली थांबली नाही. तिने फळ मागे घेतलं. अप्पा तिला म्हणाले, “निल्लवा, बंदे.” थांब गं बाई, आलो. भिंतीला ते ऐकू गेलं नाही. बाईंना गेलं, आणि त्यांनी कॉम्प्युटरवर फळवालीचा थांबायचा वेळ वाढवला.

त्यानंतरचे आठवडे सरळ गेले. वीज जायची तेव्हा बाजार एकदम विझायचा आणि अप्पा काळोखात हात पुढे करून बसलेले असायचे. सफरचंदांनंतर पेअर आली, मग द्राक्षांचे घड, जे चिमटीत धरावे लागत. टोपली लांब गेली. अप्पा फळवालीशी बोलू लागले. माल कालचाच आहे, द्राक्षं आंबट दिसतात, असं कन्नडमध्ये. घरी डावा हात अजूनही ताटापासून दूर असायचा. तो फक्त परदेशात चालायचा. पण चालत होता. शर्टाच्या बाहीत तो आता स्वतः जायचा, आणि आईच्या त्यावरच्या शेऱ्यांकडे अप्पा दुर्लक्ष करायचे.

उन्हाळा लागल्यावर एक दिवस अप्पा दुकान उघडायला म्हणून स्वतःहून निघाले. मधल्या काळात आई सकाळची दुकान उघडत होती आणि विक्री होत होती, फक्त नाव घातलं जात नव्हतं. अप्पांनी फळीवरून ते चार अक्षरांचं पातेलं मागून घेतलं. मांडीवर फडकं घातलं, पातेलं टेकवलं, डावा हात त्यावर ठेवला. मशीन सुरू झाल्याचा आवाज गल्लीत गेला तेव्हा समोरचा कापडवाला आणि शेजारचा कुलुपवाला दोघेही बाहेर येऊन उभे राहिले. पाचवं अक्षर घालायला अप्पांना इतका वेळ लागला की कुलुपवाला मध्ये जाऊन एक गिऱ्हाईक करून आला. अक्षर बाकीच्या चारांपेक्षा मोठं झालं आणि जरा खाली उतरलं. अप्पा म्हणाले, घासून पुन्हा घालतो. पातेल्याच्या मालकीण बाईंना निरोप पाठवला तशा त्या आल्या, पातेलं उलटसुलट करून बघितलं आणि घासू देणार नाही म्हणाल्या. पाचवं अक्षर कुठलं ते सगळ्यांना कळू दे. पातेलं पिशवीत घालून त्या गेल्या.

धाकटीची भांडी लग्नाच्या आठवडाभर आधी दुकानात मांडली. घागर, परात, डबे, ताटं, तांबे, समई. अप्पा रोज थोडी थोडी करत होते. अक्षर पूर्वीचं नव्हतं. पूर्वी ते छापल्यासारखं असायचं; आता ओळखू येण्यासारखं, थोडं उजवीकडे कललेलं. धाकटी शेजारी बसून भांडी पुसून देत होती आणि प्रत्येक भांड्यावर आपलं नाव मोठ्याने वाचत होती. अप्पांनी तिला सांगितलं की नाव बरोबर आहे, बारशाला मीच होतो.

त्या दुपारी नवनगरच्या बाई आल्या. त्यांना आमंत्रण द्यायला आई गेली होती तेव्हा त्यांनी दुकान बघायची इच्छा दाखवली होती. ज्या कामासाठी इतके महिने फळं उचलली ते काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना पुढ्यात खुर्ची दिली. अप्पा एका तांब्यावर नाव घालत होते. तांब्याचं पोट गोल, गळा अरुंद, म्हणजे हात सगळा मनगटातून वळवावा लागतो. बाई मशीनकडे बघत नव्हत्या, डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या. बोटं तांब्या जरा जरा फिरवत होती, थांबत होती, पुन्हा फिरवत होती.

नाव पूर्ण झालं. अप्पांच्या उजव्या हातात मशीन चालूच होतं. त्यांनी फुंकर मारून तांब्यावरचा कीस उडवला आणि, कसा झालाय बघा, असं म्हणत तांब्या बाईंच्या पुढे केला. डाव्या हाताने. हात सरळ, कोपर सुटलेलं, तांब्याचं वजन पेलून धरलेलं. बाईंनी तो घेतला.

आईने माझ्याकडे बघितलं. धाकटीचं पुसणं थांबलं. मग अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि गल्ली एकदम शांत झाली.

“चुकलं, डॉक्टरबाई. डावा हात पुढं आला. माफ करा.”

बाईंनी तांब्या त्यांच्यापुढे परत धरला.

“पुन्हा चुका बघू, सावकार.”

अप्पांनी मशीन खाली ठेवलं, तांब्या उजव्या हाताने घेतला, डावा हात उजव्या कोपराला लावला आणि रीतसर बाईंच्या हातात दिला. बाई म्हणाल्या की हे शून्य गुण. आई मोठ्याने हसली, आणि समोरचा कापडवाला काय झालं म्हणून विचारायला आला. त्याला सांगावं लागलं. तो गेल्यावर कुलुपवाल्याला सांगावं लागलं. संध्याकाळपर्यंत सावकारांनी डॉक्टरबाईंना डाव्या हाताने तांब्या दिला ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचली होती, आणि प्रत्येक जण ती ऐकून अभिनंदन करायला येत होता. अप्पांना ते अवघड गेलं. ते प्रत्येकाला सांगत होते की लक्ष नव्हतं, परत होणार नाही.

भांडी सगळी झाली. चमच्यांच्या दांड्यासुद्धा, लग्नाच्या आदल्या दिवशी. तो तांब्या धाकटीने बेळगावला स्वयंपाकघरातल्या फळीवर पुढे ठेवला आहे. त्यावरचं नाव इतरांपेक्षा सरळ आलंय. अप्पांनी पुढे बरीच वर्षं नावं घातली आणि, माझ्या माहितीप्रमाणे, कोणालाही पुन्हा डाव्या हाताने काही दिलं नाही. फळवालीला मात्र ते अधूनमधून भेटायला जात. व्यायाम संपला होता. नवीन रोग्याला दाखवायला म्हणून बाई त्यांना बोलवायच्या. काळोखात खुर्चीवर बसून, डाव्या हाताने सफरचंद घेऊन, ते शेजारच्या घाबरलेल्या माणसाला कन्नडमध्ये समजावून सांगत: घ्या, इथं चालतं.